कझुनीत कुणी गुडघे टेकत नाही

“सर, हत्ती अंगावर आल्यावर तुम्ही कधी पळालात का?”

शाळेच्या सहलीत लुसुंगुने विचारलं, आणि मागे तिच्या मैत्रिणी तिवोंगे नि वेझी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसल्या. हे विचारायची पैज शाळेच्या फाटकावर तळतात त्या तीन गरमागरम मांदासींची, गोड वड्यांची, होती. लुसुंगुने ती जिंकली, तीही गुडघे टेकून. मोठ्या माणसाशी, त्यातून पुरुषाशी बोलायचं तर मुलीने खाली बसायचं, हे तिच्या गुडघ्यांना तिच्याआधी कळायचं.

वनरक्षक म्हांगो सरांची नजर कझुनी तळ्याकाठच्या उंच गवतावरून हलली नाही. “आधी उठ,” ते म्हणाले. “इथे गुडघे टेकायचे नाहीत. माझ्यापुढे नाही, कुणापुढेच नाही. बसल्या माणसाला ना नीट दिसतं, ना हलता येतं. आणि हो, पळालो. दोनदा. दोन्ही वेळा चुकलो.”

लुसुंगु टुणकन उठली आणि त्याच दमात तिने पैजेत नसलेला प्रश्नही पुढे सरकवला. सुट्टीत अभयारण्यात वाटाड्यांचं शिक्षण असतं, त्यात मुलींना घेतात का? घेतात की, सर म्हणाले, सोमवारपर्यंत वडिलांची सही आण. इथेच तर घोडं अडत होतं. रुम्फी गावच्या आत्याची जुळी बाळं सांभाळायला लुसुंगु सुट्टीभर येईल, असं बाबांनी कळवून टाकलं होतं. लुसुंगुला विचारायचं राहून गेलं होतं, किंवा ते कुणाला सुचलंच नव्हतं.

वारा कुठे वाहतोय ते पाहायला सरांनी राखेने भरलेला जुना मोजा झटकला. राख तळ्याकडे उडत होती ती गर्रकन फिरली आणि मुलींच्या तोंडावरून, त्यांचा वास घेऊन, मागच्या झाडीत शिरली. त्याच झाडीतून हत्तीण बाहेर आली. पिल्लू तिच्या पोटाखाली, आणि कान सुपासारखे ताठ.

“उभ्या राहा,” सर हळूच म्हणाले.

तिवोंगेचे गुडघे वाकले. इतक्या मोठ्या जिवापुढे दुसरं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. लुसुंगुचेही वाकू लागले होते. पण तिने तिवोंगेच्या दंडाला धरून तिला वर ओढलं, स्वतःचे पाय मातीत रोवले आणि हत्तिणीच्या डोळ्यांत पाहिलं. ते डोळे दमलेले होते, जरा आजीसारखे. हत्तिणीने मान झटकली, धूळ उडवली आणि पिल्लाला पुढे घालून पाण्याकडे निघून गेली.

परतताना वेझी म्हणाली की तुझे पाय लटपटत होते, मी पाहिलंय. “लटपटू देत,” लुसुंगु म्हणाली. “वाकले तर नाहीत ना?” मांदासी तिने तिघींत वाटून खाल्ल्या आणि उरलेली सगळी वाट गात गेली.

संध्याकाळी अंगणात चटईवर नसिमाचं, मक्याच्या घट्ट उकडीचं, ताट आलं. बाबांनी धुवायला हात पुढे केले. रोज लुसुंगु गुडघ्यांवर बसून तांब्याने पाणी घालायची. आज ती तांब्या घेऊन उभीच राहिली. बाबांचे हात हवेत तसेच थांबले. आईने डोळ्यांनी खाली बस म्हणून खुणावलं, मग दुसऱ्यांदा खुणावलं.

“पाणी घालते, बाबा. पण उभी राहून, आणि आधी माझं ऐका,” लुसुंगु म्हणाली. घोट्यापासून पोटरीपर्यंत सकाळची तीच थरथर होती. ती तिने होऊ दिली. “आई, तूही ऐक. आत्याची जुळी गोड आहेत, पण सुट्टीत मी रुम्फीला जाणार नाही. मी कझुनीला वाटाड्याचं काम शिकणार आहे. सोमवारी तुमची सही हवी. यंदा नाही दिलीत, तर पुढच्या वर्षी हाच कागद घेऊन मी इथेच उभी राहीन.”