पहिला सीन, आवाजासकट

फळ्यावर ऋषिकेशनं चोर काढला होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर गाठोडं, आणि पाय इतके लांब की तो पळतोय की उडतोय हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चोरापुढं नाला, नाल्यापलीकडं बाभळी आणि बाभळींच्या मागं खडूचे चौकोन. प्रत्येक चौकोनात एक पिवळा ठिपका.

“हा तांडा,” ऋषिकेश म्हणाला. “आन हे दिवे.”

मानोऱ्याच्या कॉलेजातली पोरं पहिल्यांदाच सिनेमा करत होती. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी वीस मिनिटांचा थरारपट. लेखक आणि दिग्दर्शक ऋषिकेश. कॅमेरा अमानचा, म्हणजे खरं तर त्याच्या वडिलांचा. गावातली निम्मी लग्नं त्या कॅमेऱ्यात अडकलेली होती. मार्गदर्शक काळबांडे सर. आणि सहायक दिग्दर्शक वैजयंती राठोड. हे पद म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. चहा सांगायचा, खुर्च्या लावायच्या आणि परवानग्या काढायच्या. परवानगी मात्र तिनं खरंच मोठी काढली होती. तिचा आजा हेमसिंग हा त्यांच्या बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. त्याच्या हो-नाहीवर तांडा चालायचा, आणि त्यानं शूटिंगला आनंदानं हो म्हटलं होतं. आपल्या तांड्याचा सिनेमा निघतोय म्हणून त्यानं घरापुढचा ओटाही नव्यानं सारवून घेतला होता.

फक्त सिनेमात आहे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही आजच कळत होतं.

“तर पाहा,” ऋषिकेश रंगात आला होता. “सोनाराच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं. कुत्रं भुंकून राह्यलं. मंग हा चोर पळते, नाला पार करते, बाभळीतून जाते आन तांड्यात घुसते. एक बाई दार उघडते. घागरा, आरसे, हातभर बांगड्या. ती गाठोडं घेते, दार लावते. खटकन अंधार. मंग सिनेमाचं नाव!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही मान डोलावली.

“तो तांड्यातच काहून घुसते?” वैजयंतीनं विचारलं.

“म्हंजे?”

“सोनाराच्या दुकानामांगं गल्ल्या हायेत. मार्केट हाये, बस स्टँड हाये. एवढा नाला पार करून तांड्यातच काहून?”

ऋषिकेश हसला. मनानं वाईट पोरगा नव्हता तो. फक्त त्याला कधी कुणी अडवलं नव्हतं. “अवं, प्रेक्षकाले लगेच समजलं पाह्यजे ना. पहिल्या सीनमंदी समजावत बसाले टाइम नसते. तांडा दाखवला का लगेच समजते.”

“काय समजते?”

पुढच्या बाकावरची दोन पोरं आपापल्या मोबाइलमध्ये शिरली. वैजयंती फळ्याकडं पाहत होती. इतकी वर्षं या पोरांबरोबर डबा खाल्ला, नोट्स दिल्या, आणि यांच्या डोक्यात आपलं घर म्हणजे हा पिवळा ठिपका!

काळबांडे सर उठले. समजूत घालायची वेळ आली की ते चष्मा काढून पुसत. “वैजयंती, तू पूर्ण कथा ऐकलीच नाहीस. शेवटी तांड्यातला माणूस निर्दोष सुटतो. खरा चोर निघतो सरपंचाचा पोरगा. म्हणजे हा सिनेमा तुमच्या बाजूनंच आहे की.”

“सर, सुटते तो शेवटी. एकोणीस मिनिटं तर आमीच चोर ना?”

“तोच तर थरार आहे!”

“आन तो चोर तुमच्या घरात घुसला, तर त्याच्यानं थरार नाई होत?”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण ते वर्गात दरवर्षी शिकवत; वैजयंतीला त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. “हे बघ, शनिवारी आपण लोकेशन पाहायला येतोय. सीन हाच राहील. तुला अडचण असेल तर तसं सांग, तुझं नाव कमी करू. तांडे काय, या तालुक्यात पावलापावलावर आहेत. आणि हो, आजीचा घागरा काढून ठेवशील.”

ती बाहेर आली तर अमान तिच्याआधीच वर्गातून उठून पायरीवर बसलेला. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर, मान खाली.

“तू काहून नाई बोलला?” ती त्याच्यावरच घसरली.

“मागच्या गॅदरिंगले नाटकात मले कोनता पार्ट होता, याद आहे?” अमान म्हणाला. “बॉम्ब ठेवनारा. मी केला बी. टाळ्या भेटल्या. अब्बा पहिल्या रांगेत बसले होते.” मग बराच वेळ तो पिशवीची चेन उघडत आणि लावत राहिला.

घरी येईपर्यंत वैजयंतीनं मनातल्या मनात सरांना शंभर उत्तरं दिली. पण खरा पेच पुढंच होता. आज्याला काय सांगायचं? नको म्हणावं, तर सर दुसऱ्या तांड्यात जाणार. चोर तिथं घुसणार आणि लोक हसून म्हणणार, बघा, आपल्याच तालुक्यातला तांडा. हो म्हणावं, तर आज्याच्या सारवलेल्या ओट्यावरून चोर पळणार. इकडं आड, तिकडं विहीर.

ओट्यावर हेमसिंग कोयत्याला धार लावत बसला होता. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला निघायचा, त्याची तयारी चालली होती. घरात बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, चाले, ते इथं वऱ्हाडीतच सांगितलेलं बरं.

“काय झालं वं पोट्टे? तोंड काहून सुकलं?”

तिनं सांगून टाकलं. शटर, नाला, बाभळी, घागरा, सगळं. बोलता बोलता रडू यायला लागलं तेव्हा तिला आपलाच राग आला, आणि मग तिनं उरलेलं रागातच सांगितलं.

म्हातारा ओरडला नाही. कोयता बाजूला ठेवला आणि ओट्यावरून हात फिरवला. “तुले याद आहे का, या ओट्यावर मानसं बसत?”

आठवत होतं. कसं विसरणार? गावात कुठं चोरी झाल्याची खबर आली की पोलिसांची जीप यायच्या आधी तांड्यातले सगळे पुरुष या ओट्यावर ओळीनं येऊन बसत. म्हातारे, तरणे, तापानं फणफणलेलेसुद्धा. नाईकाचा तसा नियम होता. सगळे समोर दिसले की कुणी पळाला म्हणायला जागा राहायची नाही आणि घराघरांत शिरून भांडी उपसली जायची नाहीत. जीप यायची. साहेब उतरून मोजायचा. तो ‘उठा’ म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही.

वैजयंती दुसरीत होती तेव्हा तिला वाटे, सगळ्याच गावांत असंच असतं. एकदा तिनं वर्गातल्या शेजारच्या मुलीला भाबडेपणानं विचारलं होतं, “तुमच्या गावात मानसं कोनाच्या ओट्यावर बसतात?” त्या मुलीला कळलंच नाही. कशाला बसतील? वैजयंतीनं समजावून सांगितलं, तर सगळा वर्ग हसला, आणि बाईंनी तिला गप्प बस म्हटलं. त्या दिवशी तिला कळलं की ओटे सगळ्यांना असतात, पण बसावं फक्त आपल्याला लागतं. पुढं दिवस पालटले, पोरं शिकली, जीप यायची थांबली. बसणंही थांबलं.

“आबा,” ती एकदम म्हणाली, “हाच सीन हाये!”

“कोनता?”

“पहिला! चोर दाखवायचाच नाई. गाडी येते ते दाखवायचं, आन मानसं बसून हायेत ते. भेव चोराचं नाई, गाडीचं. यापक्षा मोठा थरार कोनता?”

हेमसिंगनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. हसू त्याच्या मिशीत अडकलं होतं. “तुया सर आयकन?”

“नाई.”

“मंग येऊ दे शनवारी. आमी बसतो.”

शनिवारी दुपारी काळबांडे सरांची पांढरी गाडी नाल्याच्या उतारावरून तांड्याकडं वळली. सर चालवत होते, मागं ऋषिकेश, पुढं अमान. वैजयंतीनं अमानला सकाळीच फोन केला होता: उताराच्या आधी कॅमेरा सुरू कर, काचेतून समोरचं धर आणि गाडी थांबेपर्यंत बंद करू नको. कशाला, ते त्यानं विचारलं नाही.

गाडीचा आवाज आला तशी घराघरांतून माणसं निघाली. कुणी घाई केली नाही. एकेक जण येऊन ओट्यावर बसला. कोयते घरीच राहिले, हात गुडघ्यांवर. ज्यांनी हे लहानपणी नुसतं पाहिलं होतं ती पोरंही शेवटी टेकली. हेमसिंग पहिला बसला होता. आजी देवला दारात उभी, आरशांचा घागरा नेसून; तो तिनं सिनेमासाठी नाही, दर शनिवारी नेसायची म्हणून नेसला होता.

गाडी थांबली. सर उतरले. समोरची रांग पाहून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यात थांबलं.

“राम राम साहेब,” हेमसिंग बसल्या जागेवरून म्हणाला. “मोजून घ्या.”

“मोजून? अहो, मी कॉलेजातला मास्तर. उठा, उठा ना.”

कुणी उठलं नाही.

“सर, हा पहिला सीन,” वैजयंती पुढं आली. “गावात चोरी झाली का आमचे लोक असे बसायचे. चोर कोन हाये ते पाहाच्या आधीच. तुमची कथा जशी हाये तशी ठेवा. सरपंचाचा पोरगा चोर निघू द्या. पन सुरुवात इथून होईल. चोर तांड्यात येनार नाई, गाडी येईल.”

ऋषिकेश रांगेकडं पाहत राहिला होता. चेहऱ्यावरचा तोरा उतरला होता. “अमान,” तो हळू म्हणाला, “तू काही घेतलं का येता येता?”

“सगळं घेतलं.”

तिघं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर वाकले, मागून सरही. पडद्यावर उतार हलत होता. बाभळी आल्या, मग घरं, मग दूरवर ओट्याकडं येणारी माणसं. काहीही घडत नव्हतं, आणि तरी ऋषिकेशनं श्वास रोखून धरला होता. एवढ्यात कॅमेऱ्यातून सरांचा आवाज आला, स्वच्छ आणि मोठा:

“काचा वर घे रे ऋषिकेश. पिशव्या मांडीवर धरा. उतरलो की गाडी आठवणीनं लॉक करायची. अशा जागी काही सांगता येत नाही.”

अमानला आवाज कमी करता आला असता. त्यानं केला नाही.

ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी खाकरलं. देवला दारातून आत गेली.

“ते मी धुळीमुळं म्हटलं,” सर म्हणाले. मान लालबुंद झाली होती. “काचा वर... धूळ किती आहे.”

“धूळ हाये खरी,” हेमसिंगनं अदबीनं दुजोरा दिला.

“ठीक आहे. दृश्य चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. ठेवू आपण. आवाज तेवढा एडिटिंगमध्ये काढून टाका.”

“नाई,” वैजयंती म्हणाली.

“काय?”

“सीन हाच. आवाजासकट.”

“वैजयंती, मी मार्गदर्शक आहे या सिनेमाचा!”

“मंग नाव काढून घ्या, सर. आवाज राहू द्या.” तिनं ऋषिकेशकडं पाहिलं. “तूच म्हटलं होतं ना, पहिल्या सीनमंदी समजावत बसाले टाइम नसते? आता पाह्य. लगेच समजते.”

ऋषिकेशनं खिशातून घडी केलेला कागद काढला. पळणाऱ्या चोराचं तेच चित्र त्यानं घरून छान गिरवून आणलं होतं. ते पाहिलं, पुन्हा घडी केली आणि खिशात कोंबलं. “सर,” तो म्हणाला, “आवाज राहूच द्या.”

सर वळले. गाडीपाशी जाऊन किल्ली शोधायला लागले. गाडी लॉक होती. उतरताना त्यांनीच केली होती.

माणसं अजून तशीच बसली होती, हात गुडघ्यांवर. नियम तो नियम. बाहेरून आलेल्यानं मोजायचं आणि त्यानंच उठा म्हणायचं. तांड्यातल्या कुणी आजवर ते म्हटलं नव्हतं, नाईकानंही नाही. हेमसिंग नातीकडं पाहत होता. ते आता तिनं म्हणायचं, हे तिला कळायला एक क्षण लागला.

अमाननं कॅमेरा पुन्हा सुरू केला होता.

“उठा,” वैजयंती म्हणाली. मग मोठ्यानं, सर ऐकतील असं, नाल्यापर्यंत जाईल असं, “उठा सगळे! आज कोनी मोजनार नाई.”

रांगेतले सगळे नाईकाकडं वळले. हेमसिंगनं गुडघ्यावर हात रेटला, ओट्याची कड धरली आणि सगळ्यांच्या आधी उभा राहिला.