बॅटरीखालची अक्षता

खंडेनवमीला आमच्या ॲन आर्बरच्या घरात पाटावर काय काय मांडलं होतं, सांगू? आईची लॅबमधली पिपेट, बाबाचा लॅपटॉप, माझ्या व्हायोलिनचा बो, स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या आणि मधोमध, खणाच्या ब्लाउजपीसवर, माझ्या रायफलचा स्कोप.

मधोमध! आणि तो तिथे आईने ठेवला होता. चक्क आईने!

मी शिकार करायला शिकतेय हे आईला अजिबात पटलेलं नव्हतं. शिकवणारी लतिका मावशी. मावशी म्हणजे सख्खी नाही, आईची नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण, पण सख्ख्या मावश्या इतक्या दादागिरी करत नसतील. ती मिशिगनच्या अगदी वरच्या भागात, मोठ्या पुलाच्या पलीकडे राहते आणि हरणांच्या रोगांवर संशोधन करते. तिच्या फ्रीझरमध्ये वर्षभराचं मटण असतं आणि ते सगळं तिने स्वतः आणलेलं असतं. दोन उन्हाळे मी तिच्याकडे राहिले, सेफ्टीचा कोर्स केला आणि तिच्या साध्या काचेच्या दुर्बिणीच्या रायफलने शंभर यार्डावरचे कागदी गोल फोडायला शिकले.

आधी मी वर्गात हात वर करण्यापूर्वी उत्तर मनात तीनदा म्हणून बघायचे, तोवर दुसरंच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं. कागदाचा लाल ठिपका पहिल्यांदा बरोब्बर मधोमध फुटला, त्यानंतर काय झालं कोण जाणे, आता आमच्या हिस्टरीच्या मिस म्हणतात, "चैत्राली, इतरांनाही जरा चान्स दे."

बाबाला अर्थातच मावशीची ती जुनी दुर्बीण आवडली नाही. तो गाड्यांच्या कॅमेऱ्यांवर काम करतो, ज्याला बॅटरी लागत नाही त्याच्यावर त्याचा विश्वासच नाही. त्याने मला डिजिटल स्कोप आणला. आत छोटासा स्क्रीन. अंतर टाका, तो तापमान आणि हवेचा दाब स्वतःच मोजतो आणि नेम कुठे धरायचा तो ठिपका सरकवून दाखवतो. तीनशे यार्ड म्हणजे काहीच नाही!

आणि आई? आईने आधी दोन दिवस अबोला धरला.

"आई, तू मटण खातेस की," मी म्हटलं.

"ते मी मारलेलं नसतं."

"म्हणजे दुसऱ्याने मारलं की चालतं?"

यावर आणखी एक दिवस अबोला. मग एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "एकच गोळी. त्या जिवाला कळायच्या आत सगळं संपलं पाहिजे. जखमी होऊन रानात पळालं ना चैतू, तर ती तुझी पहिली आणि शेवटची शिकार. मग मावशी मध्ये पडली तरी ऐकणार नाही."

मी "हो" म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, कारण मावशीनेही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, फक्त नागपुरी आवाजात.

म्हणून खंडेनवमीला आईने त्या स्कोपला गंध, हळद, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, तेव्हा मला रडूच येणार होतं. बाबाने नेहमीप्रमाणे बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या, त्यांचं झाकणही उघडंच होतं. आईने त्या उघड्या भोकावरही अक्षता टाकल्या. आमच्याकडच्या अक्षता म्हणजे तांदूळ, कुंकू आणि बोटभर तूप. मी म्हटलं वा, आई काहीच सोडत नाही!

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही तिघंही मावशीकडे गेलो. पहिल्या दुपारी मावशीकडे ठेवलेल्या माझ्या रायफलवर स्कोप चढवला आणि शेजाऱ्यांच्या खडीच्या खाणीत नेम जुळवून पाहिला. मस्त ऊन होतं, बर्फ वितळून टपटपत होता. तीनशे यार्डावरची लोखंडी पाटी टण्ण! पुन्हा टण्ण! बाबा तर उड्याच मारत होता.

"आज ऊन आहे म्हणून ऐकून राहिली तुझी बॅटरी," मावशी म्हणाली. "उद्या थंडीत काय करते बघू. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात ठेव, अंगाशी. बाहेरच्या खिशात नाही. थंडीत त्यांचा जीव जातो."

"मावशी, तू जेलस आहेस."

"हो नं, रात्रभर झोप येणार नाही मला."

रात्रीतून पारा धाडकन उतरला. सकाळी आईने थर्मासमध्ये चहा भरून दिला आणि माझ्या नारिंगी जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

गवताच्या मोठ्या शेताच्या कडेला मावशीचं प्लायवूडचं खोपटं आहे. आत दोन खुर्च्या आणि समोर लांबट खिडकी. आम्ही बसलो. श्वासाची वाफ मफलरवर गोठून मफलर खरखरीत झाला होता. नाकातले केससुद्धा गोठतात, खरंच! उजाडलं तसं शेत आधी निळं दिसलं, मग राखाडी, मग पांढरं. आणि पलीकडच्या देवदारांच्या कडेला तो उभा होता.

केवढा! शिंगं म्हणजे झाडच. आरामात बर्फ उकरून गवत खात होता.

मावशीने अंतर मोजलं. "तीनशे दहा."

मी आकडा टाकला. ठिपका सरकला आणि त्याच्या खांद्यामागे जाऊन थांबला. माझ्या हृदयाचे ठोके मला दातांत ऐकू येत होते. श्वास घेतला, अर्धा सोडला.

स्क्रीन एकदा थरथरला. कोपऱ्यातली बॅटरी लाल झाली. आणि सगळं काळं.

काळं म्हणजे काळंकुट्ट. साध्या काचेतून निदान काहीतरी दिसतं, पण यात काचच नाही, स्क्रीन गेला की सगळंच गेलं. एवढी महागाची वस्तू, आता डोळ्यासमोर धरलेला नळीचा तुकडा!

"मावशी, बॅटरी गेली!" मी कुजबुजले.

"थंडी वाजली तिला. बदल."

मी सेफ्टी लावली, रायफलचं तोंड खिडकीबाहेर ठेवलं, हातमोजे दातांनी ओढून काढले, आतल्या खिशातल्या गरम बॅटऱ्या घातल्या, झाकण फिरवलं, बटण दाबलं.

काळं.

पुन्हा दाबलं. धरून ठेवलं. बॅटऱ्या उलट्या घातल्या की काय म्हणून पुन्हा काढून पुन्हा घातल्या. काळं! बोटं तोवर दुसऱ्या कुणाची तरी झाली होती. आणि तो तिकडे मान वर करून आमच्याच दिशेने बघत उभा, कसा तर शाळेचा फोटो काढायला उभं राहावं तसा.

मावशीने तिची रायफल खिडकीशी सरकवली. "ही घे हवी तर. ठरव तू."

मी घेतली. काचेतून पाहिलं. दिसत होता, लहानसा, पण स्वच्छ. या रायफलने मी फक्त शंभर यार्डावर नेम धरला होता. तीनशेवर गोळी किती खाली येते, ते मला साधारण माहीत होतं. थोडं वर धरायचं, बस. साधारण. लागली असती कदाचित. शाळेत मुलांना फोटो दाखवला असता तर सगळे वेडे झाले असते यार!

पण मला आईने हनुवटीपर्यंत ओढलेली ती जॅकेटची चेन आठवली.

"नाही," मी म्हटलं. "मला हे येत नाही. इतक्या लांबून या रायफलने मला येत नाही."

मावशीने इतका मोठा श्वास सोडला की खिडकीची काच असती तर धुरकटली असती. "शाब्बास," ती म्हणाली. "चहा दे."

मग मी मावशीची गळ्यातली दुर्बीण लावून त्याला फक्त बघत बसले. आणि तेव्हा मला शेताच्या मध्यावर काहीतरी दिसलं. भुरभुर बर्फ जमिनीलगत आडवा धावत होता, डावीकडून उजवीकडे, जोरात. आमच्या खोपट्याशी मात्र वाऱ्याचा पत्ता नव्हता, चहाची वाफ सरळ वर चालली होती.

"मावशी, मध्ये वारा आहे!"

"दिसलं का? मी पण आत्ताच बघून राहिले." तिचा आवाज एकदम गंभीर झाला. "मघाशी उजेड कमी होता, माझ्या लक्षात आलं नाही."

स्कोपला थंडी कळते, हवेचा दाब कळतो, अंतर मी सांगितलं की कळतं. शेताच्या मध्यावरचा वारा त्याला कोण सांगणार? मीच सांगायला हवा होता आणि मी तर फक्त ठिपका बघत होते. गोळी उजवीकडे सरकली असती. खांद्यामागे लागायची ती पोटात. मग तो पळाला असता आणि मग...



तो मोठा नर शेपटी हलवून देवदारांत निघून गेला. मी त्याला मनातल्या मनात टाटा केला. हात मोकळे होते म्हणून मग स्कोपचं झाकण पुन्हा उघडलं, बॅटऱ्या काढल्या आणि आत मोबाइलचा उजेड टाकला.

तळाच्या स्प्रिंगवर एक लाल दाणा बसला होता. तुपात गोठलेला, अगदी मानाने, पाटावर बसावा तसा.

मी तो नखाने काढून तळहातावर घेतला आणि मावशीपुढे धरला. मावशीने चष्मा वर केला, खाली केला.

"ही अक्षता आहे?"

"हो."

"तुझ्या आईने? पद्मीने? मशीनच्या पोटात अक्षता टाकल्या?"

"भक्तिभावाने."

मग आम्ही दोघी जे हसलो! आवाज न करता हसायचं म्हणजे किती कठीण असतं, सगळं खोपटं हलत होतं. मावशीने मफलर तोंडात कोंबला होता. तिचं म्हणणं, हा दाणा आत कुठेतरी कडेला चिकटून बसला असणार, काल त्याने काही बिघडवलं नाही. पहिल्या बॅटऱ्या थंडीने मेल्या, ते तर होणारच होतं. पण मी घाईघाईत बदलायला गेले, तेव्हा तो सुटून नेमका स्प्रिंगवर येऊन बसला.

दाणा काढला, रुमालाने तूप पुसलं, बॅटऱ्या घातल्या. स्क्रीन झक्कन लागला, जणू काही झालंच नव्हतं.

त्यानंतर बराच वेळ कुणीच आलं नाही. पायांची बोटं बधिर झाली, चहा संपला. सूर्य वर आला, मधला वाराही पडला. मी निघू या का म्हणणार, तेवढ्यात डावीकडच्या कुंपणापाशी फांदी हलली आणि एक लहान नर बाहेर आला. शिंगांना दोन-दोन फाटे, फोटोत कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. मावशीने अंतर मोजलं आणि ओठ हलवले. "नव्वद."

स्कोप चालू होता, ठिपका तयार होता. तरी मी मावशीची रायफल घेतली. स्कोपवरचा माझा राग गेला होता, पण या काचेतून हे अंतर मला माझ्या घराच्या जिन्यासारखं पाठ होतं. मी आधी माझ्या श्वासाच्या वाफेवरून वारा बघितला, मग कुंपणावरचं गवत, मग मधलं शेत. सगळं शांत. तो वळून आमच्याकडे कूस करून उभा राहिला. श्वास घेतला, अर्धा सोडला.

एकच गोळी.

तो होता तिथेच बसल्यासारखा खाली गेला. पाय झाडले नाहीत, काही नाही. आम्ही थांबलो, नियमाप्रमाणे, बराच वेळ. मग चालत गेलो. मावशीने तपासलं आणि मान हलवली. "त्याला कळलं पण नाही, चैतू."

मी गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. गरम होती. एवढ्या थंडीत इतकी गरम. मला वाटलं होतं मी ओरडेन, नाचेन. मी रडले. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. "थँक यू," मी त्याला म्हटलं. मग वाटलं, हे दुकानात म्हणतो तसं झालं. मराठीत "आभारी आहे" म्हणजे तर गणेशोत्सवातलं भाषण. शेवटी हातमोजे काढून नमस्कार केला, देवाला करतो तसा. मावशीनेही केला. ती दर वेळी करते म्हणाली, मला माहीतच नव्हतं.

घरी आई दारातच उभी होती, कोट न घालता. गोळीचा आवाज तिने ऐकला होता.

"पळालं नाही ना?" तिचा पहिला प्रश्न.

"नाही आई. तिथल्या तिथे."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात इतके गार, म्हणजे बराच वेळ उभी असणार. मग तिने विचारलं, "मग डोळे का असे लाल?"

मी खिशातला तो दाणा काढला आणि तिच्यापुढे मूठ उघडली.

आईने दाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं बाई! आत गेला होता? झाकण उघडं होतं, मला वाटलं आतल्यालाही..."

"पद्मिनी!" बाबा किंचाळला. "त्याची वॉरंटी!"

"का? वॉरंटीत देवाचं बसत नाही?"

"बॅटरीच्या जागी तर नक्कीच बसत नाही!"

"पद्मे," मावशी बूट काढत म्हणाली, "त्याची वॉरंटी राहू दे. आधी पोरगी काय सांगून राहिली ते ऐक."

मग मी सगळं सांगितलं. काळा झालेला स्क्रीन, मोठा नर, मधला वारा, गोळी कुठे सरकली असती ते. बाबा म्हणाला, "वाऱ्याचं मी तुला सांगायला हवं होतं." आई पदराने डोळे पुसायला गेली आणि स्वेटशर्टला पदर नसतो हे तिच्या लक्षात आलं. आम्ही सगळे हसलो, तीही.

त्या संध्याकाळी मावशीने सावजी मसाल्याचा डबा काढला. आई म्हणाली, "मी चिरणार नाही. पण फोडणी मीच देणार, तुमच्या दोघींच्या हाती ती जळेल." जेवायला बसलो तेव्हा मावशीकडचा थँक्सगिव्हिंगचा रिवाज आला, प्रत्येकाने कुणाला तरी थँक्स म्हणायचं. बाबा वेळेवर बॅटरी मारणाऱ्या थंडीला म्हणाला, मावशी नागपूरच्या मसालेवाल्याला. आई थाळीकडे बघत हळूच म्हणाली, "त्याला." सगळ्यांना कळलं कुणाला.

माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे इतकी नावं होती की रस्सा गार झाला असता. मावशी, जिने "ठरव तू" म्हटलं. बाबा, ज्याच्यामुळे मला मशीनला काय कळतं आणि काय कळत नाही ते कळलं. आणि आई. दाणा मी कागदात गुंडाळून मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलाय, अजून जरा तुपकट आहे.

"पुढच्या खंडेनवमीला मावशीची रायफलपण पाटावर ठेवायची," मी म्हटलं.

"ठेवू," आई म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "पण झाकणं तू लावायचीस."