बिननावाचा साचा

माझ्या करंगळीवर चामड्याचा एक तुकडा चिकटवलेला आहे. लांबीला तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, जाडीला नखाएवढा, एका बाजूने उतरता. नुसत्या नजरेला तो दिसत नाही. अंगठ्याने हळू चाचपलं तर कळतो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. बूट शिवणारे मला कलबूत म्हणतात. पायाचं माप घ्यायचं, त्या मापाचं लाकूड तासायचं आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा, अशी जुनी रीत. पाय कुठे वेगळा असला, तर साच्यावर तिथे तुकडा चिकटवून उंचवटा करतात. ज्याच्यासाठी मला घडवलं, त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

तेव्हा इथे परक्यांचं राज्य होतं. एका दुपारी रस्ता ओस असताना एक मोठा साहेब मागच्या दाराने दुकानात आला. त्याच्या बोटाला धरून पाचेक वर्षांचा मुलगा होता. साहेबाच्या घरी इस्त्री करणाऱ्या बाईचा. मुलाने कधी बूट घातलेच नव्हते. कागदावर पाय ठेव म्हटल्यावर तो इतका घाबरला, की पेन्सिलीची रेघ वाकडी आली आणि कारागिराला ती पुन्हा काढावी लागली. खुद्द साहेबाचा साचा फळीवर होताच, आणि त्याच्याही करंगळीवर असाच तुकडा होता. कारागिराने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा मुलाच्या पायाकडे, आणि मान खाली घातली.

बाकीच्या साच्यांच्या टाचेवर गिऱ्हाइकाचं नाव शाईने लिहीत. माझ्या टाचेशी कुंचला आला तेव्हा साहेब म्हणाला, "याच्यावर काही लिहायचं नाही."

"मग हे बूट कुणाचे म्हणू, साहेब? वाऱ्याचे?"

"वाऱ्याचे म्हण. पण हळू म्हण."

तेव्हाच माझ्या लाकडात भीती मुरली. साहेबाच्या घरचं कुणी दुकानात आलं, की माझ्यावर फडकं पडे. त्या फडक्याखाली बाहेरचं प्रत्येक पाऊल मला आपल्याकडेच येतंय असं वाटे.

मुलाचा पाय वाढला तसे काही वर्षं माझ्यावर चामड्याचे थर चढले. पुढे साहेब वारला, राज्यही गेलं. घराणं मात्र इथेच राहिलं, आणि या दुकानाची जागाही त्या घराण्याच्याच मालकीची राहिली. मुलगा कारागिराच्या हाताखाली शिकला, त्याचा जावई झाला, दुकान चालवू लागला. त्याने शिवलेले बूट घालून लोक म्हणत, "काढवतच नाहीत हो!" म्हातारपणी त्याने आपल्या मुलीच्या हातात मला दिलं. "हा माझा पाय. माझा बाप कोण, ते तुला कळलं. आता तोंडाला कुलूप. आपण हक्क सांगतोय असं त्यांना वाटलं, तर दुकान जाईल."

ती मुलगी म्हणजे आताच्या दुकानातली आत्या. ती आता सत्तरीची आहे. तिने ते कुलूप भाच्यासमोरसुद्धा उघडलं नाही, आणि दुकान तर तोच चालवतो. यंत्राचे बूट आले, नवीन बूट शिवून घेणारे थांबले, आणि आम्ही साचे पोत्यात गेलो. तिथे वाळवी होती, पण निदान अंधार होता. मला अंधार बरा वाटे.

मागच्या आठवड्यात साहेबाच्या पणतीचा फोन आला. घराण्याच्या वंशवृक्षात एक मूल गाळलेलं आहे, त्याच्याबद्दल विचारायचं होतं. आत्याने "चुकीचा नंबर" म्हणून फोन ठेवला. पण काल पुन्हा घंटा वाजली, आणि आज सकाळी ती भाच्याला म्हणाली, "ते पोतं जाळून टाक. सरस गरम करायला जळण होईल."

"आत्या, चांगलं लाकूड आहे गं."

"मग चांगलंच जळेल."

माझ्या जोडीतला डावा आधी शेगडीत गेला. त्याच्या करंगळीवरचा तुकडा आक्रसला, मग चामडं जळाल्याचा वास आला. मित्रांनो, लाकडाला ओरडता येत नाही. भाच्याने मला उचललं आणि त्याचा अंगठा नेमका माझ्या तुकड्यावर पडला.

"हा कुणाचा गं? तुझ्यासारखी करंगळी आहे."

"टाक म्हणते ना!"

तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. "मी फोन केला होता. साहेबांची पणती."

"दुकान बंद आहे," आत्या म्हणाली.

"आत्या, दार सताड उघडं आहे," भाचा पुटपुटला.

करंगळीचं बोलणं पणतीने दारातून ऐकलं होतं; तिची नजर माझ्यावर खिळली. "माझ्याही करंगळीला असंच आहे. पण अशी बोटं पुष्कळांची असतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. आजीने मरताना सांगितलं, की इस्त्रीवालीच्या मुलाला इथे बूट शिवून देत. घरी विषय काढला की काका ताटावरून उठतात. कुणी सांगितलं, तरच मी लिहीन."

"आणि सांगितलं की तुझे काका आम्हाला रस्त्यावर काढतील."

"काढतीलही. त्यांच्या वतीने मी शब्द देऊ शकत नाही. मीच घाबरत आलेय. गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली."

"घराण्याला शोभलीस!" आत्या फणकारली. "तुझा पणजासुद्धा मागच्या दाराने यायचा."

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. मी निखाऱ्यांवर वीतभर अंतरावर होतो. माझ्या टाचेला धग लागत होती.

मित्रांनो, जुनी वस्तू आगीत टाकण्याआधी ती कुणासाठी घडवली होती, एवढं विचारत जा. कधी कधी एखाद्या माणसाची तेवढीच खूण उरलेली असते.

भाच्याने मला शेगडीवरून बाजूला घेतलं. "आत्या, म्हणजे आजोबा...? आणि जागा गेली तर?"

"गेली तर गेली," आत्या म्हणाली. मग ती पणतीकडे वळली. "लिही. तो मुलगा माझा बाप. पण आधी त्याच्या आईचं नाव लिही. ते मी सांगते."