सातव्या खांबापर्यंत

“अक्का, सही कर आणि सुट. माझीही बस जाईल,” असं म्हणत मुकादमांनी वही तिच्यापुढे सरकवली.

वहीत रोजची छापील ओळ होती: ‘किलोमीटर शून्य ते नऊ, संपूर्ण मार्ग पाहिला, सुरक्षित आहे.’ अक्काने पेन घेतलं, नऊवर काट मारून वर सात लिहिलं आणि कडेला बारीक अक्षरात भर घातली, ‘सात ते नऊ पाहिलेले नाही.’ मग खाली सही केली.

मुकादमांनी ते दोनदा वाचलं.

“हे काय केलंस?”

“जे केलं नाही, ते लिहिलं.”

“अगं, सगळे सह्या करतात! तुझ्याच पेनला काय धाड भरली?”

“सगळ्यांचं सगळ्यांना विचारा. मी सातव्या किलोमीटरच्या खांबापर्यंत गेले, तिथून परत फिरले. पुढे पूल आहे, वळण आहे. तिथं आज काय आहे, मला ठाऊक नाही.”

अक्का चोवीस वर्षं रेल्वेत चावीवाली होती. रुळाला स्लीपरशी घट्ट धरून ठेवते ती लोखंडी चावी. गाड्यांच्या हादऱ्यांनी ती सैल होते, कधी निसटून खडीत पडते. खांद्यावर हातोडा टाकून रोज चालायचं, सैल झालेली ठोकायची, निसटलेली शोधून बसवायची, आणि आपल्याला न झेपणारं काही दिसलं तर लाल झेंडी रोवून गाडी थांबवायची. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. तिच्या वाट्याला पाच किलोमीटर होते. तेवढ्यातली खडी ती घरच्या जिन्यासारखी ओळखायची.

तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या हद्दीतला चावीवाला निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. त्याचे चार किलोमीटर अक्काच्या पाचांना जोडले गेले. वरून कागद आला की आता मोजणीची गाडी आहे, माणसं कमी लागतील. ती गाडी खरंच हुशार होती. तीन महिन्यांतून एकदा यायची आणि रूळ केसभर कुठे खचला तेही कागदावर काढून द्यायची. पण निसटलेली चावी ठोकायला काही ती खाली उतरत नव्हती. आणि या तीन वर्षांत गाड्या दुप्पट झाल्या होत्या, वेगही वाढला होता. दर दहा-बारा मिनिटांनी रुळावरून बाजूला व्हायचं म्हटलं, तर नऊ जाऊन नऊ येईपर्यंत दिवस पुरायचा कसा? पहिले पंधरा दिवस अक्काने जिवाचं रान करून पाहिलं. एकदा तर घाईघाईत मागून येणारी गाडी तिला अगदी जवळ आल्यावरच कळली. त्या दिवशी खडीत बसून तिने ठरवलं, पळत पळत बघणं हे बघणं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुकादमांच्या वरच्या साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वयाने तिच्या थोरल्या मुलीएवढे. माणूस वाईट नव्हता, पण दोन्हीकडून पिचलेला होता.

“अक्का, तोंडी सांगायचं ना. लिहिलंत कशाला?”

“तोंडी दोनदा सांगितलं, साहेब. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

“आता हे कागदावर आलं. माहीत असून गाडी जोरात सोडली आणि काही झालं, तर मान माझी जाईल. गाड्या हळू सोडल्या, तर वरून फोन येईल.”

“मग तुम्हीही वर लिहा.”

साहेब कपाळ चोळत राहिले. त्या दिवशी त्या दोन किलोमीटरवर गाड्या हळू सोडल्या गेल्या. एक्स्प्रेसला सहा मिनिटं उशीर झाला आणि दुपारपर्यंत साहेबांचा फोन तापला.

ही गोष्ट अक्काच्या आधी घरी पोहोचली होती. नवरा शिलाईयंत्रावर होता. त्याने पाय थांबवला.

“चार वर्षं राहिलीत तुझी. कुठं दूर फेकतील तुला. सही म्हणजे काय गं, दोन रेघोट्या!”

“अहो, तुम्ही कोणाचा सदरा अर्धाच शिवून ‘झाला’ म्हणून देता का?”

“सदरा उसवला तर माणूस मरत नाही.”

“तेच तर म्हणते मी.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. आपण आपल्याच तोंडाने कोणाची बाजू मांडून बसलो, हे त्याला जरा उशिरा उमगलं. तो पुन्हा यंत्राकडे वळला आणि म्हणाला, “उद्या डब्यात जास्त घालून देतो. भांडणाला ताकद लागते.”

अक्का रोज तेच लिहीत राहिली. मुकादमांनी बोलणं टाकलं. कुणीतरी मागून कुजबुजलं की म्हातारी थकली आणि आता तत्त्वं सुचताहेत. चौथ्या दिवशी सातव्या खांबापाशी साहेब स्वतः हातोडा घेऊन उभे होते.

“पुढचे दोन मी बघतो. नीट दाखवा, कसं ठोकायचं.”

“हातोडा असा शेवटाला धरा. आणि आवाजाकडे लक्ष द्या. घट्ट चावी खणखणते, सैल चावी पुटपुटते.”

पाच दिवस साहेब चालले. पुलाअलीकडच्या वळणावर त्यांना अकरा चाव्या निसटलेल्या सापडल्या, आणि रुळांच्या जोडावरचा एक बोल्ट तुटलेला. सहाव्या दिवशी त्यांनी सगळं लिहून, खाली स्वतःची सही करून, वरच्या कचेरीत पाठवलं.

उत्तर कागदावर आलं नाही, जीप घेऊन आलं. मोठे साहेब खुर्चीत बसले, अक्का समोर उभी.

“बाकी सगळ्या हद्दींत नऊ किलोमीटर पूर्ण होतात. तुमच्याच हद्दीत का होत नाहीत?”

“ते पूर्ण होतात की लिहिले जातात, मला सांगता यायचं नाही, साहेब. माझं सांगते. तुम्ही आज माझ्याबरोबर चला.”

मोठे साहेब उठले. भित्रे असते तर नुसते रागावले असते. ते चालले. अक्काने आपला वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. वाकायची, ठोकायची, पुढे जायची. वीसेक वेळा गाडीसाठी बाजूला व्हावं लागलं. पाचव्या खांबापाशी मोठ्या साहेबांनी रुमालाने मान पुसली.

“परत फिरू या का?”

“अजून चार जायचे आहेत. मग येताना दुसरा रूळ.”

ते रुळाखालच्या मोरीच्या कठड्यावर टेकले आणि बूट काढून आतला खडा झटकू लागले. मग म्हणाले, “घड्याळात किती झाले?”

“पावणेबारा. आठला निघालो.”

महिन्याभराने दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं, की यापुढे या विभागात एका चावीवाल्याकडे पाच किलोमीटरहून जास्त मार्ग असणार नाही, आणि त्यासाठी सात जागा भराव्यात. दुसरा अक्काच्या नावाचा होता: वहीतल्या छापील मजकुरात खाडाखोड केल्याबद्दल ताकीद, आणि बदली सामानाच्या कोठारात.

साहेबांचा चेहरा उतरला. “ही काय रीत झाली? मी लिहितो. हे रद्द करायला लावतो.”

“पहिला कागद पक्का आहे ना? परत फिरवत नाहीत ना?”

“पक्का आहे.”

“मग त्याची एक प्रत मला द्या. दुसऱ्याचं मी बघेन, माझा अर्ज मी करते. पण आधी माणसं येऊ द्या. आत्ता आपण ओरडलो, तर ते निमित्त काढून पहिला कागदही अडकवतील.”

दुसऱ्या कागदावर तिने पोचेची सही केली. काहीही न खोडता.

कोठार स्टेशनाच्या टोकाला, रुळांना लागून होतं. फळ्यांवर बोल्ट, जोडपट्ट्या, आणि जमिनीवर चाव्यांचा ढीग. चांगल्या एकीकडे, वाकलेल्या दुसरीकडे, असं काम होतं. कारकुनाने स्टूल पुढे केलं.

“बसा, अक्का. आता पायांना सुट्टी.”

ती बसली. पंधरा-वीस चाव्या निवडून झाल्या असतील, तेवढ्यात जमीन हलकी थरथरली आणि फळीवरचे बोल्ट किणकिणू लागले. एक्स्प्रेस पूर्ण वेगात होती. अक्का उठली, दारात गेली आणि चोवीस वर्षांच्या सवयीने गाडीकडे तोंड करून, चाकांवर नजर ठेवून, ताठ उभी राहिली. शेवटचा डबा गेल्यावर तिचा हात आपसूक खांद्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. तिने अंगातल्या जाकिटाची घडी सारखी केली, आत आली, आणि ढिगातली पुढची चावी उचलली.