भात्यात दडलेला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. मस्कतच्या अल् घुब्रा भागात, वसईच्या कॉनराडच्या फ्लॅटमध्ये राहतो. म्हातारा झालो, पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माझा जन्म पूर्व युरोपातल्या एका सरकारी कारखान्यातला. त्या देशात पक्ष एकच, पुढारी एकच, आणि गाणंही त्यांच्याच मर्जीचं. माझा पहिला धनी संगीतकार होता. त्याची चार वर्षांची मिला तापाने गेली, तेव्हा त्याने तिच्यासाठी पाळणा रचला.

संगीत समितीचे साहेब म्हणाले, "सुखी देशात रडगाणं कशाला?" मग त्यांनी काय केलं, ठाऊक आहे? पाळण्याची लय दुप्पट केली, ढोल घातले, पुढाऱ्याच्या स्तुतीचे शब्द चिकटवले आणि रेडिओवर सांगितलं, संगीत जनतेचं! वर माझ्या धन्यालाच देशद्रोही ठरवून त्याच्या वह्या जाळल्या. चोराच्या उलट्या बोंबा! एकच कागद आगीतून वाचला. माझा भाता फाटला होता, तिथे त्याने तो आतून ठिगळासारखा चिकटवला.

धनी गेला. पुढे ती राजवटही कोसळली. त्याच्या भाच्याने मला मस्कतच्या हॉटेलात वाजवायला आणलं आणि मायदेशी परतताना कॉनराडच्या हवाली केलं. त्या बिचाऱ्याला पाळणा ठाऊकच नव्हता; समितीने त्याचा केलेला, शाळेत घोकलेला मार्चच येत होता. तोच त्याने कॉनराडला शिकवला.

वसईकर ख्रिस्ती लग्नात नवरा-नवरी वाजतगाजत हॉलमध्ये येतात, मागून पाहुणे जोडीजोडीने चालतात. त्याला ग्रँड मार्च म्हणतात. कॉनराडने त्यासाठी नेमका हाच मार्च उचलला. मेलेल्या लेकराच्या पाळण्यावर माणसं हसत टाचा आपटत होती! मी आतल्या आत जळायचो.

२०१४ साली भाता गळू लागला, म्हणून कॉनराडने मला खोललं. ठिगळावर पेन्सिलीने लिहिलेलं नोटेशन होतं. वसईच्या चर्चमध्ये तो ते वाचायला शिकला होता. त्याने हळूच शीळ घातली, थबकला आणि बायकोला हाक मारली.

"इरीन, अगं ऐक! हा आपलाच मार्च. पण हा तर रडतोय."

त्यांच्या मुलीने, तान्याने, परकी अक्षरं फोनवर शोधली. 'माझ्या मिलासाठी पाळणा.' खाली नाव होतं.

इरीन म्हणाली, "जीझस! आपण यावर नाचलो रे."

त्याच आठवड्यात मस्कतमधल्याच बौशरला कॉनराडच्या मित्राच्या, गॅव्हिनच्या मुलीचं लग्न होतं.

"यल्ला कॉनराड, चल, आपला तो मार्च!" गॅव्हिन म्हणाला.

"दुसरा वाजवतो, मॅन. तो मार्च खलास. तो पाळणा आहे, एका मेलेल्या मुलीचा."

"लग्नात कशाला असलं काही सांगतोस? मूड नको घालवू!"

समितीच्या साहेबांचंही हेच म्हणणं होतं. पण गॅव्हिन नुसता फुरंगटला. त्याने कोणाचं नाव कुठे कळवलं नाही, कोणाच्या वह्या जाळल्या नाहीत. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

जेवणं झाल्यावर गॅव्हिन आपल्या नवरी मुलीकडे बराच वेळ बघत राहिला, मग स्वतःच येऊन म्हणाला, "वाजव तुझा तो पाळणा." कॉनराडने मला छातीशी धरलं. तान्याने माईक घेतला. तिचं मराठी अडखळत होतं.

"हे गाणं... मिलासाठी आहे. तिच्या डॅडींनी केलं. त्यांचं नाव यान वोलनर."

चाळीस वर्षांनी मी ते नाव मोठ्याने उच्चारलेलं ऐकलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण गाणं कोणाचं, हे विचारल्याशिवाय त्याच्या तालावर पाऊल टाकू नका.