भ्यालेलं बोट

कवळीवाले घाबरले की त्यांची बोटं पांढरी पडत. सारा जन्म हातात थरथरणारं मशीन धरून लोकांच्या कवळ्या घासल्या, त्याची ही परतफेड. आधी ते फक्त थंडीत व्हायचं, मग भीतीनेही होऊ लागलं. आता उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक काळपट पडलं होतं आणि त्या टोकाकडे बघून कवळीवाले आणखी घाबरत होते. बोटाची भीती बोटालाच पोचत होती.

घरात एक रिवाज होता: वाईट बातमी ती टळल्यावरच सांगायची. गॅस संपल्याचं बायकोने नवा सिलिंडर आल्यावर सांगितलं. दाढ काढल्याचं कवळीवाल्यांनी सूज उतरल्यावर. दोघांनाही वाटे, आपण समोरच्याचा केवढा त्रास वाचवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांनाच एकट्यांना आत घेतलं.

"काका, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. 'आवळा' असा हुकूम त्यांना सिंपथेटिक नसा देतात."

"नाव सिंपथेटिक आणि काम गळा दाबायचं?"

"तसंच समजा. तुम्ही घाबरलात की या नसा आपल्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं द्रव्य सोडतात, वाहिनी लगेच आवळते. भीती जोरात असली तर तिथूनच न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं आणखी एक द्रव्य सुटतं. ते उशिरा येतं आणि लवकर हलत नाही."

"आमचा मेव्हणा!"

बाई हसल्या, पण नजर बोटावरच होती. "हाताकडे जाणाऱ्या या नसांची एक गाठ मानेच्या मुळाशी असते. तिथे सुई देऊन ती काही तास बधिर करते. हात गरम झाला तर समजायचं, वाहिन्या अजूनही उघडू शकतात; बोट वाचवता येईल. नाही झाला, तर टोक कापावं लागेल."

कवळीवाल्यांचा विनोद तिथेच संपला. सुई, आणि तीही मानेत!

"आणि हे नीट ऐका. औषध बरोबर जागी पडलं की उजवी पापणी खाली येईल, आवाज बसेल. ते चांगलं लक्षण. घरी जायच्या आत नाही ओसरलं तरी नंतर ओसरेल. काकूंना सांगून ठेवा."

"सांगतो की," कवळीवाले म्हणाले. बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "काही नाही गं, मानेला जरा शेक देणार आहेत."

ती "बरं" म्हणाली. बोट कापायची पाळी येऊ शकते हे तिला नर्सकडून केव्हाच कळलं होतं. तीही बोलली नाही.

सुई गेली तेव्हा त्यांनी श्वास रोखला, डोळे मिटले, जमतील तेवढे देव आठवले. सुई निघाल्यावर बायकोला आत बोलावलं. तिने वाकून पाहिलं आणि किंकाळी फोडली.

"अहो! डोळा! तुमचा डोळा!"

उजवी पापणी अर्धी उतरली होती. तिच्या वडिलांचा अर्धांगवायू असाच चेहरा ओघळून सुरू झाला होता.

"अहो, बोला ना काहीतरी!"

ते बोलायला गेले, तर घशातून नुसती खरखर आली. पापणीचं त्यांना ठाऊक होतं; पण बायकोचा चेहरा पाहून ते ठाऊक असणं पार पुसलं गेलं. छाती धडधडू लागली. संपलं, त्यांना वाटलं. बोटासाठी आलो आणि जीवच चालला.

"काकू, शांत व्हा! पापणी पडणारच होती. काकांनी सांगितलं नाही?" बाईंनी चादर दूर केली. "हात बघा, दोन्ही."

डाव्या हाताची बोटं खडूसारखी पांढरी, गार झाली होती. उजवा हात मात्र कोमट होता. नखं गुलाबी, काळ्या टोकाच्या कडेलाही लाली आलेली. भीती अंगभर फिरली होती; त्या हातात तिचा हुकूम पोचलाच नव्हता.

"वाचेल?" बायकोने विचारलं.

"बहुतेक. पण अशा सुया आणखी लागतील. आणि ते मशीन बंद म्हणजे बंद."

बाई बाहेर गेल्या. कवळीवाल्यांनी बायकोला खूण करून जवळ बोलावलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, पुढच्या वेळीही पापणी पडेल. मला फार भीती वाटते."

असलं वाक्य त्या घरात आजवर कुणी वेळेवर उच्चारलं नव्हतं. बायको गडबडली. "मलापण," म्हणाली, आणि तिने त्यांचा उजवा हात घट्ट धरला.

"तो नको. त्याला आज भीती कळत नाही. डावा धर."