दोन डाव्या बाह्या

"मास्तर, दोन्ही बाह्या डाव्या?" बँकेतल्या कारकुनाने कोटाचे कापलेले तुकडे स्वतःच्या खांद्यांना लावून पाहिले. "मला उजवा हातही आहे हो. जन्मभर सह्या त्यानेच केल्यात."

मास्तर हसले. चूक उघडी पडली की ते आधी हसत. एक बाही कापून झाल्यावर कुणीतरी पँटची चेन बदलायला आलं होतं. चेन शोधताना हरवलेली दुसरी कात्री सापडली, तिला धार लावण्यात तास गेला, आणि परतल्यावर कापड न उलटताच दुसरी बाही कापली गेली.

"कापड उरलंय. एक बाही निघेल."

"निघेल. पण शुक्रवारी माझा निरोप समारंभ आहे. गुरुवारी संध्याकाळी येतो. झाला नसेल तर आहे तसा द्या, दुसरीकडे बघतो. तुमचं जुनं गिऱ्हाईक मी एकटाच उरलोय, मास्तर. आता माझाही धीर सुटलाय."

मास्तरांची लेक नर्स होती. आई गेल्यावर वर्षभराने तिनेच त्यांना थेरपीला न्यायला सुरुवात केली. एडीएचडी हे नाव ऐकून मास्तर म्हणाले होते, "या वयात? हे शाळेतल्या पोरांचं दुखणं."

"तुम्हाला शाळेपासूनच आहे, बाबा. नाव आत्ता कळलं."

तोवर मिळालेली नावं वेगळी होती. धांदरट, वेंधळा, बेजबाबदार. शेवटचं बायकोने दिलेलं.

बाह्यांची गोष्ट ऐकून थेरपिस्टबाई रागावल्या नाहीत. "टेबलावर तेव्हा काय काय होतं?"

"काय नव्हतं ते विचारा."

टेबलावर एकच कपडा ठेवायचा, बाकी सगळे पडद्याआड, मध्येच येणाऱ्याला 'उद्या या' म्हणायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं. मग बाईंनी विचारलं, "कामं वेळेवर व्हायची, असा काळ होता का कधी?"

"होता. ही दुकानात काजं करायला बसायची तेव्हा."

"त्या आठवण करून द्यायच्या?"

"छे. बोलायचीसुद्धा नाही. नुसती शेजारी."

"असं शेजारी कुणी शांतपणे काम करत असलं की पुष्कळांचं लक्ष टिकतं. तुमचंही टिकत असणार."

मास्तर बोटातलं अंगुस्तान फिरवत राहिले. "मीच उठवलं तिला. म्हटलं, माझ्यावर पहारा देऊ नकोस. ती त्या दिवशी गेली ती पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही."

"त्यांनाही ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं."

"हो. पण ठाऊक नसतानाही ती बसली होती," मास्तर म्हणाले.

त्या आठवड्यात लेक ड्यूटी संपवून दुकानात येऊ लागली. सुईदोरा घेऊन शेजारी बसायची.

"काज वाकडं झालं, बाबा."

"वॉर्डात टाके असेच घालता का?"

चेनवाला पुन्हा आला. मास्तर अर्धवट उठले, क्षणभर तसेच थांबले, आणि "उद्या या" म्हणून खाली बसले. लेकीने मान वर केली नाही. मशीन पुन्हा सुरू झालं.

गुरुवारी कारकुनाने कोट चढवला, आरशासमोर दोन्ही हात वर केले. "आता दोन्ही माझेच वाटतात." मग बराच वेळ तो स्वतःकडे बघत राहिला. "मास्तर, हे एवढं जमत होतं तर इतकी वर्षं आम्हाला खेटे का घालायला लावलेत?"

मास्तर यावर हसले नाहीत. "जमत नव्हतं," ते म्हणाले.

लेक रात्रपाळीला गेली. टेबलावर काही उरलं नव्हतं, म्हणून मास्तरांनी दुकान बंद केलं आणि घरी आले. एवढ्या उजेडी ते कधीच घरी आले नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेलं ऊन ओटा ओलांडून बायकोने लावलेल्या डब्यांच्या फळीपर्यंत पोहोचलं होतं. ते रोज इथवर येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. चपला न काढता मास्तर दारात उभे राहिले, ऊन फळीवरून उतरेपर्यंत.